मध्ये बोलायचं नाही

सून शनिवारी संध्याकाळी योगाला जाते, यावर माझा पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता. योगाला जाणारी बाई चटई घेऊन जाते. आमची सिद्धी नुसती पर्स घेऊन जायची आणि परत यायची तेव्हा डोळे लाल. पाणी कुठेतरी मुरत होतं.

नागपूरहून इकडे कानडी मुलखात, मुलाकडे एचएसआर लेआउटमध्ये आल्यापासून माझं लक्ष होतंच. माणसं मला बरोबर कळतात. स्वयंपाकाला येणारी ठकुबाई मीच पकडली होती. पिठाच्या डब्यामागे दारूची अर्धी बाटली सापडली, त्याच दिवशी तिला घालवली. "माझी न्हाई वो अक्का," म्हणून रडत होती, पण मी तिला पुढे बोलूच दिलं नाही. असली नाटकं ऐकत बसायला मला वेळ नव्हता.

सिद्धीचं प्रकरण जरा खोल होतं. रोज जेवणं झाली की बाल्कनीत जाऊन कुणाशी तरी फोनवर हळू आवाजात बोलायची. एकदा पडद्याआडून ऐकलं, इंग्रजीत चाललं होतं, पण अर्थ मला कळला. "आजचा दिवस निघाला. उद्याचं उद्या बघू." वर हसली! नवऱ्याशी मात्र धड शब्द नाही. पूर्वी तिच्या तोंडाला कायम वेलचीचा वास यायचा, मला वाटायचं किती टापटीप मुलगी. हल्ली वेलचीही बंद. मी निहारच्या कानावर सगळं घातलं. रोजच्या धुसफुशीने पोरगा आधीच कंटाळला होता. म्हणाला, "आई, तसं काही असेल तर मी सोमवारी वकील गाठतो. पण पुरावा हवा."

म्हणून मी पुरावा आणायला निघाले.

तिच्या ऑटोमागे माझा ऑटो. "भैया, उसको छोड़ना मत," मी बजावलं. "सरी अम्मा, स्वल्प ट्रॅफिक," म्हणत तो चामराजपेट येईपर्यंत आरशातून माझ्याकडेच बघत होता. त्याला माझाच संशय आला असावा. मी मात्र विचार करत होते, घर सोडून इतक्या लांब कोण येतं? ज्याला ओळखीचं कुणी भेटायला नको असतं, तोच.

एका शाळेच्या फाटकातून सिद्धी आत गेली. मागोमाग एक दाढीवाला, मग इस्त्रीच्या शर्टातला एक, मग दोन बायका. बुवाबाजी की काय, या शंकेने मी घाईघाईने आत शिरले. एका वर्गाच्या दारात एक म्हातारा चहाची किटली घेऊन उभा होता.

"अगं बाई, हे काय चाललंय?" माझ्या तोंडून निघालं, आणि तो चक्क मराठीत बोलला.

"या की अक्का. मी मल्लाप्पा, निपाणीकडला. दारू सोडनाऱ्यांची बैठक हाय."

"आत्ता आत गेलेली माझी सून आहे. इथे कुणासाठी येते ती?"

"कोन येतंय, कशाला येतंय, आमी सांगत न्हाई. तुमी आलाय तेबी कुनाला सांगनार न्हाई. आज घरच्यांनीबी बसाय चालतंय. नियम एकच, कोन बोलाय लागलं की मध्ये बोलायचं न्हाई."

म्हणजे या बेवड्यांपैकीच कुणीतरी तिचा! मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले आणि एकेका पुरुषाचं तोंड न्याहाळू लागले. दाढीवाल्यावर माझा जास्त संशय होता.

तेवढ्यात सिद्धीच उठली. इंग्रजीत काहीतरी सुरू केलं, आणि तिची नजर माझ्यावर पडली. चेहरा पांढराफटक. आता ही पळणार, मला वाटलं. तिने बाकाची कड घट्ट धरली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, मराठीत. मल्लाप्पा आणि मी सोडले तर त्या खोलीत ते कुणाला समजणार नव्हतं.

"मी सिद्धी. मी दारुडी आहे. आज घेतलेली नाही. घरून काम करताना भर दुपारी प्यायचे आणि वर वेलची चावायचे. वास येईल म्हणून निहारच्या जवळ जायचे नाही. आता सांगावं लागेल म्हणून जात नाही."

"काहीतरीच काय बोलतेस!" माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. मल्लाप्पाने लांबून नुसता हात वर केला. मी शब्द गिळले.

"आमच्याकडे ठकुबाई होती," सिद्धी माझ्याकडे बघत म्हणाली. "एका बाटलीपायी तिचं काम गेलं. ती बाटली माझी होती. ती रडत होती तेव्हा मी आतल्या खोलीत होते. बाहेर आले नाही."

ती खाली बसली. कुणी उपदेश केला नाही, कुणी हळहळलं नाही. "थँक यू, सिद्धी," एवढंच सगळे म्हणाले. शेजारच्या बाईने तिचा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाली, "टुडे इज डन. टुमारो, टुमारो." बाल्कनीतला फोन कुणाचा, ते मला कळलं. मला माझीच लाज वाटली. ठकुबाईच्या दारात उद्या कुठल्या तोंडाने उभी राहू, ते सुचेना.

बैठक सुटल्यावर फाटकाशी आम्ही दोघी ऑटोची वाट बघत होतो. माझा फोन वाजला. निहारचा आवाज असा खणखणीत की तिलाही ऐकू गेला.

"आई, मिळाला का पुरावा?"

सिद्धीने माझ्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला.

"आता सिद्धी बोलेल," मी त्याला म्हणाले. "तिचं होईस्तोवर मध्ये बोलायचं नाही."

"अगं पण तू तर म्हणालीस..."

"चूप म्हणते ना!"

फोन तिच्या हातात दिला. "मी सिद्धी," तिने आतल्यासारखीच सुरुवात केली. मी रस्ता ओलांडून पलीकडे गेले, शब्द ऐकू येणार नाहीत इतक्या लांब. तिथून तिचे हलणारे ओठ तेवढे दिसत होते. बराच वेळ ती न थांबता बोलत होती. म्हणजे निहार ऐकत होता.