नकाराचं कारण

दातांच्या दवाखान्यात खुर्चीवर बसलेल्या प्रत्येकाला "घाबरू नका हो, काही होत नाही" असं दिवसातून तीस वेळा सांगणारी ही बाई, आणि आज पॅरोल मंडळाच्या बाहेरच्या बाकावर तिचीच पाचावर धारण बसली होती. 

आत तिच्या धाकट्या भावाचं प्रकरण निघणार होतं. नऊ वर्षांपूर्वी त्यानं बायकोला मारलं. मारलं म्हणजे जिवे मारलं, उगाच गुळमुळीत कशाला बोला. कोर्टानं सदोष मनुष्यवध धरला, म्हणून जन्मठेप टळली. त्याची पोर तेव्हा पाच वर्षांची. आत्याकडे आली ती आत्याकडेच वाढली. आता हा सुटला तर जाणार कुठे? आत्याच्याच घरी, दुसरं आहेच कोण त्याला. काल पोरीनं वहीतून मान वर न काढता विचारलं होतं, "आत्या, तू हो म्हणालीस तर मी कुठे जाऊ?"

बरं, नको म्हणावं, तर तिथेही मेख होती. कारकुनानं तिला सगळं समजावून सांगितलं होतं. आत तिघं बसतात. निवृत्त न्यायाधीश अध्यक्ष, तुरुंगाचे अधीक्षक आणि एक समुपदेशक बाई. ते फाईल बघतात, घरच्यांचं ऐकतात, मग कैद्याला आत आणून निर्णय वाचून दाखवतात.

"आणि नामंजूर झालं तर?"

"तर कारण लिहावं लागतं, ताई. त्याची एक प्रत कैद्याला."

"म्हणजे मी काय बोलले ते त्याला कळणार?"

"कारण कळणार. नियमच आहे तसा," कारकून म्हणाला आणि चहाला निघून गेला. त्याचं काय जातंय म्हणा.

तिला आत बोलावलं तेव्हा अध्यक्ष पानं उलटत होते. सकाळपासूनचं हे अकरावं प्रकरण, त्यामुळे आवाज थकलेला. "वागणूक उत्तम. सुतारकाम शिकला. नऊ वर्षांत एकही तक्रार नाही."

तक्रार असणार कशी? चारचौघांत तो कायम असाच वागत आला होता. शेजारीपाजारी तर खून झाल्यावरही "किती गुणी मुलगा हो" म्हणत होते.

"तुम्ही त्याला घरात घ्याल?" समुपदेशक बाईंनी विचारलं.

घर लहान आहे, पोरीचं दहावीचं वर्ष तोंडावर आहे, असलं काहीबाही तिनं पाठ करून आणलं होतं. तोंडातून भलतंच निघालं. "मला त्याची भीती वाटते. आणि हे त्याला कळलं तर त्याहून जास्त भीती वाटते." मग तिला थांबताच येईना. "पत्रं पाठवतो, साहेब. वाचली तर काही वावगं दिसणार नाही. पण दर पत्रात विचारतो, पोरीची शाळा कितीला सुटते, घरी कोणत्या रस्त्यानं येते. मी एकदाही कळवलं नाही. तरी विचारतो."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. अध्यक्षांनी पेन उघडलं. माणूस वाईट नव्हता. "तुमचं नाव कुठेच येणार नाही. राहण्याच्या जागेची कागदपत्रं अपुरी, म्हणून अर्ज नामंजूर. असं लिहितो."

तिच्या जिवात जीव आला. डोळे भरून आले, ते तिनं पदरानं टिपले.

भावाला आत आणलं. वाळला होता, केस चापून बसवलेले. ताईकडे बघून छान हसला. अध्यक्षांनी निर्णय वाचला.

"एवढंच कारण, साहेब?"

"एवढंच," अध्यक्ष म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"मग कागद आणून दिला तर?"

अध्यक्षांनी पुढची फाईल ओढली. पण अधीक्षकांचं आयुष्य नियम सांगण्यात गेलेलं, त्यांचं तोंड आपोआप उघडलं. "त्रुटी दूर झाली तर पुढच्या महिन्याच्या बैठकीत घेता येतं." बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, पण तोवर व्हायचं ते झालं होतं.

भाऊ तिच्याकडे वळला. "ताई, भाडेकरार असेलच की तुझ्याकडे. देशील ना आणून?"

"देते की" हे दोन शब्द तिच्या जिभेच्या टोकावर तयार होते. लहानपणापासून त्याला तिनं तेच उत्तर दिलं होतं. कागद हरवला म्हणता येईल, आजारी पडता येईल, पण एक महिना गेला की दुसरा येणारच. तिला पोरीची वहीवरची मान दिसली.

"नाही," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की परत म्हणावं लागलं. "नाही. कागद आहे, पण मी देणार नाही. तू घरी नको आहेस आम्हाला. साहेब, ते खोडा. खरं आहे तेच लिहा, माझ्या नावानं."

"नीट विचार करा, बाई."

"लिहा."

टेबलाला धरूनच ती उभी होती. अध्यक्षांनी ओळ खोडली, नवी लिहिली, सही केली. कारकुनानं खालची कार्बनची प्रत फाडून भावाच्या हातात दिली. त्यानं ती सावकाश, शेवटपर्यंत वाचली. चेहऱ्यावरचं हसू तसंच. घडी घालून त्यानं ती खिशात ठेवली.

"बरं," तो म्हणाला. मग शिपायाकडे वळून सहज विचारावं तसं म्हणाला, "शिक्षा संपायला किती राहिलं हो माझं?"

शिपायाला कुठून माहीत असणार?

"दोन वर्षं चार महिने," ती म्हणाली. "आणि सहा दिवस."