चीजच्या पुड्यातून आलेला गोलकीपर

माझा भाऊ रेजाँ वाईट माणूस नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मला ते सांगवणार नाही.

भांडण एका कार्डाचं. पूर्वी च्युइंगगमच्या पाकिटात आइस हॉकी खेळाडूंची कार्डं यायची. बाबा नऊ वर्षांचे असताना त्यांच्या पाकिटातून ओनेझिम सिर निघाला. ओनेझिम आमच्याच गल्लीतला, चर्चमागच्या घरातला गोलकीपर. मोठ्या लीगमध्ये एकच हिवाळा खेळला, गुडघा मोडून घरी आला आणि जन्मभर फर्निचर विकत बसला. पण त्या एका हिवाळ्यात त्याचं कार्ड छापलं गेलं आणि ते आपल्याला मिळालं, असं बाबांचं म्हणणं.

अदेलार मामांचं म्हणणं वेगळं. मामा आईचे भाऊ आणि बाबांचे शाळेपासूनचे दोस्त. लग्न करून ते नदीपलीकडे मडावास्काला, म्हणजे अमेरिकेत गेले, पण दर रविवारी पूल ओलांडून जेवायला आमच्याकडे. अलीकडे कॅनडात, आमच्या एडमंडस्टनच्या गिरणीत लाकडाचा लगदा होतो, तो नळातून नदीपार जातो आणि पलीकडच्या गिरणीत त्याचा कागद होतो. त्या लगद्याला पुलावरचा कस्टमवाला कधी काही विचारत नाही, माणसांना मात्र विचारतो. बाबा अलीकडच्या गिरणीत होते, मामा पलीकडच्या.

"लेओंस, ओनेझिमचं कार्ड कधी निघालंच नाही रे," मामा प्लोयवर, म्हणजे आमच्याकडच्या धिरड्यावर, लोणी फासत म्हणायचे. "आपलाच लगदा, आपलाच कागद, आणि गिरणीच्या छापखान्यातल्या टवाळ पोरांनी छापून तुझ्या पाकिटात कोंबलं. तुला गंडवलं, आणि तू बसलायस उराशी धरून!"

सगळे हसायचे. बाबाही हसायचे. मग कार्ड परत बायबलमध्ये ठेवायला उठायचे, तेव्हा त्यांचे कान लाल झालेले असायचे. ते लाल कान मी लहानपणापासून बघत आलेय.

या हिवाळ्यात बाबांचा खोकला हटेना. डॉक्टरांनी मला आणि रेजाँला बाहेर बोलावून सांगितलं की उन्हाळा दिसेल असं वाटत नाही. बाबांना आम्ही सांगितलं, छातीत कफ साचलाय, बर्फ वितळलं की बरं वाटेल. ते ठीक म्हणाले आणि एकच गोष्ट मागितली.

"ते कार्ड अमेरिकेतल्या त्या कंपनीकडे पाठवा. खरं की खोटं, एकदाचं लिहून येऊ दे. मला ते अदेलारच्या नाकासमोर धरायचंय."

अशा कंपन्या कार्ड तपासतात, दहापैकी गुण देतात आणि जाड प्लास्टिकच्या डबीत लेबलासकट कायमचं बंद करून पाठवतात. डबी बंद झाली की वाद मिटला.

मी पुलाजवळच्या आपल्या कस्टमच्या कचेरीत फोन केला. बाई चांगली होती. म्हणाली, जाण्याआधी कार्ड आम्हाला दाखवा, आम्ही एक चिठ्ठी देतो की ही वस्तू इथूनच गेली. परत येताना चिठ्ठी दाखवायची, तुमचीच वस्तू, तिच्यावर कर नाही. चिठ्ठीला एक पैसा पडत नाही.

हे मी रेजाँला सांगितलं, तर त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच कस्टमवाली.

"ताई, तू शाळेची बस चालव, हे माझ्यावर सोड. आपण होऊन त्यांना दाखवायचं? म्हणजे आपल्या पायानं जाऊन जाळ्यात बसायचं! येताना कार्डाचा भाव वाढलेला असणार, मग म्हणतील भर कर."

"अरे गाढवा, चिठ्ठी असली तर कर नाही, असं ती बाई स्वतः म्हणाली."

"कस्टमवाल्यांचं फुकट कुणी पाहिलंय? मामांच्या पत्त्यावरून पाठवतो. अमेरिकेतून अमेरिकेत. कुणाच्या बापाला कळणार नाही."

आमच्याकडे सगळे हेच करतात, हे खरं. प्रत्येकाचा एक नातेवाईक पलीकडे, सगळ्यांची पार्सलं त्याच्या दारात. पलीकडचं स्वस्त पेट्रोल भरायचं, पार्सल उचलायचं, आणि पुलावर काय आणलंत विचारलं की तोंडात एकच शब्द, दूध. आमची पोरं आईबाप म्हणायच्या आधी 'दूध' म्हणायला शिकतात. मी बसवर असताना रेजाँ कार्ड घेऊन पलीकडे गेलासुद्धा.

ते परत आलं त्या दुपारी मी आमटी ढवळत होते. रेजाँ लढाई जिंकल्यासारखा आत आला आणि टेबलावर दुधाचा कॅन आणि चीजचा पुडा ठेवला. पुडा उघडला. चीजच्या दोन कापांमध्ये लोण्याचा कागद, आणि त्या कागदात ओनेझिम सिर.

"अस्सल!" तो म्हणाला. "दहापैकी सात! सात, ताई!"

माझ्या डोळ्यात पाणी आलं. मग मी बघितलं की कार्ड उघडंच आहे, आणि वरचा एक कोपरा चेमटलाय.

"डबी कुठाय?"

"फोडली."

"काय केलीस?"

"फोडली गं. मामांच्या गॅरेजमध्ये, स्क्रूड्रायव्हरनं. डबी म्हणजे चालताबोलता पुरावा. त्यांना दिसली असती की संपलंच. उघडं कार्ड म्हणजे काय, जुना पुठ्ठा. कोपऱ्याला जरा लागलं, ते प्लास्टिक साल्यांनी काय घट्ट केलेलं असतं..."

"आणि लेबल?"

"कचऱ्यात. ती गाडी सकाळीच येऊन गेली."

"फोटो काढलास?"

"फोटो! म्हणजे फोनमध्ये पुरावा ठेवू?"

मी गॅस बंद केला, नाहीतर आमटी त्याच्या डोक्यावर गेली असती. ज्या डबीसाठी कार्ड नदीपार गेलं, ती डबी यानं नदी ओलांडता यावी म्हणून फोडली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, यानं तर अंगणच खणून काढलं.

"पुलावर काय विचारलं?" मी विचारलं.

"काही नाही. 'दूध का?' म्हणाला. मी हो म्हटलं. 'जा' म्हणाला." आणि हा शहाणा हसला.

मी कंपनीला फोन केला. ते म्हणाले, नोंद आमच्याकडे आहे, पण नोंद डबीतल्या कार्डाची. डबीबाहेर आलेलं कार्ड तेच आहे असं आम्ही सांगू शकत नाही. परत पाठवा, उन्हाळ्याच्या शेवटी येईल. मी फोन ठेवला. उन्हाळ्याच्या शेवटी!

बाबांना मी खरं काय ते सांगितलं. ते खुर्चीत होते, नाकाला ऑक्सिजनची नळी. कार्ड हातात घेतलं आणि चेमटलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

"म्हणजे खोटं निघालं," ते म्हणाले. "म्हणून फोडलंत तुम्ही."

"नाही हो बाबा! अस्सल, सात गुण."

"तुम्ही माझी लेकरं. तुम्ही अस्सलच म्हणणार."

आणि त्यांचे कान लाल झाले. त्या क्षणी रेजाँ समोर असता तर मी त्याला बर्फात गाडलं असतं.

पण एक माणूस उरला होता. गॅरेज मामांचं होतं. मी रेजाँला धरून खोदून विचारलं. तो म्हणाला, हो, मामांनी लेबल वाचलं. वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. मग म्हणाले, "फोड. त्याशिवाय तुला पूल ओलांडू देणार नाहीत." आणि वर बॅटरी धरून उभे राहिले. मला दोघांचाही इतका संताप आला, पण त्या संतापात एक आशाही होती. बाबा आमचं मानणार नाहीत. मामांचं मानतील. साठ वर्षं जो खोटं म्हणत आला, तोच खरं म्हणाला तर मग आणखी काय हवं?

रविवारी मामा आले. दारातच, बूट काढता काढता, मी त्यांना गाठलं.

"लेबलावर काय होतं, मामा?"

ते बुटाच्या नाडीशी खेळत बसले. "ओनेझिम सिर. अस्सल. सात."

"दोनदा वाचलंत म्हणे."

"चष्म्याचा नंबर वाढलाय गं."

"चष्म्यावर ढकलू नका. आत जा आणि बाबांना सांगा. जेवणाआधी."

"अगं ओदेत, मला कसं जमेल ते? आमची आयुष्यभराची मस्करी..."

"आयुष्यभर जीभ सैल सोडलीत ना? आज एका वाक्याला काय धाड भरलीय? आणि फोड म्हणताना बरं जमलं!"

ते गेले. मी मागोमाग. बाबांनी त्यांना बघितलं आणि नेहमीसारखे सरसावून बसले.

"ये रे, छापखान्याच्या मालका."

मामांनी टोपी काढली. आमच्या घरात त्यांनी टोपी फक्त आईच्या अंत्यविधीला काढली होती. खुर्चीही ओढली नाही, उभेच राहिले.

"लेओंस, ते कार्ड अस्सल आहे. मी स्वतः वाचलं. मी हरलो."

बाबा हसले नाहीत. त्यांनी मामांच्या हातातल्या टोपीकडे बघितलं, मग त्यांच्या तोंडाकडे, मग माझ्याकडे.

"डॉक्टर तुझ्याशीही बोलला वाटतं," ते म्हणाले.

"डॉक्टरचा काय संबंध? अरे, ल्युसिलची शपथ, माझ्या सख्ख्या बहिणीची..."

"ल्युसिलची शपथ घेतोस म्हणजे फारच वाईट असणार."

मामा आणखी शपथा घ्यायला लागले, चर्चची, पोरांची. एकेका शपथेनं बाबांचा चेहरा उतरत गेला. मी मध्ये पडले, "बाबा, कफच आहे हो," पण माझा आवाज माझ्याच ताब्यात नव्हता. बाबांनी हात पुढे करून मामांची बाही धरली.

"अदेलार," ते म्हणाले, "नेहमीसारखं म्हण ना रे. खोटं आहे म्हण."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. त्यांनी टोपी डोक्यावर चढवली, नीट बसवली आणि खुर्ची ओढली.

"खोटंच आहे, गाढवा," ते म्हणाले. "आपलाच लगदा, आपलाच कागद. तुला गंडवलं."

बाबांनी मोठा श्वास सोडला. बाही सोडली. हसले, खोकले, परत हसले. "मला ठाऊक होतं, तू सुधारायचा नाहीस." त्यांचे कान अजिबात लाल झाले नव्हते. कार्ड त्यांनी परत बायबलमध्ये ठेवायला मला दिलं, तेही न बघता.

माझ्या बाबांचं एकुलतं एक खरं, एका न लागणाऱ्या करापायी, आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांच्या समोर खोटं पाडलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून रेजाँनं विचारलं, चीज कुणाकुणाला हवंय. बाबांना जाऊन आता बरेच महिने झाले, आणि त्याच्याशी मी अजून बोलत नाही.