ज्योत्स्नाचे गाळलेले कडवे

मी एक जुनी पेटी आहे, मित्रांनो. कपडे ठेवायची नव्हे, सुरांची. मला कोणी हार्मोनियम म्हटले तर मी ऐकून घेते; डबा म्हटलेले मात्र आजवर खपवून घेतलेले नाही. तेव्हा नीट बसा, आणि माझे सांगून होईपर्यंत मध्ये बोलू नका.

भद्रकालीतल्या एका कारागिराने मला सागवानात घडवले. माझा एकेक सूर त्याने कानाशी धरून लावला, भात्याला कातडे चढवले आणि पुंजाच्या हाती मला सोपवताना बजावले, "हिला वाजवत राहा. रिकामी बसली की ही रुसते." पुंजा नाशिकरोडच्या वसाहतीत राहत असे. विहारापुढे त्याची गायन पार्टी बसे आणि मध्यभागी मी. पुंजा अकाली गेला. मागे राहिली त्याची बायको भागीबाई, वीटभट्टीवर विटा वाहणारी, आणि त्यांची मुलगी ज्योत्स्ना.

त्या मुलीने मला रिकामे बसू दिले नाही. ती शिकली, बालवाडीत शिक्षिका झाली, आणि नव्वद सालाच्या सुमारास स्वतःच्या गाण्यांचे कार्यक्रम करू लागली. ती दुसऱ्याची गाणी गात नसे. स्वतः रची, स्वतः चाल लावी, स्वतः गाई. ढोलकीला तिचा आतेभाऊ यादव असे. एसटीच्या टपावर बांधून घेऊन मी घोटी, देवळा, येवला पाहिले. तिचे एक गाणे लोक हटकून मागत:

आईच्या डोईवर विटांचा भार,
माझ्या दप्तरी पुस्तकं चार…

आणि शेवटी:

तुझ्या घामाची मी होऊ कशी उतराई,
ज्योत्स्नाचं हे गाणं तुझंच गं आई.

आमच्या गायन पार्ट्यांत एक रीत आहे, मित्रांनो. रचणारा आपले नाव शेवटच्या कडव्यात गुंफतो. ऐकायला बसलेल्यांत कित्येकांना वाचता येत नसे; त्यांच्यासाठी ते नाव म्हणजे गाण्याखालची सही. भागीबाईला अक्षर येत नव्हते. ती पुढच्या रांगेत बसे, सगळे गाणे मान खाली घालून ऐके आणि नाव आले की डोके वर करून शेजारणींकडे पाही. दुसरा कोणताही दागिना तिच्यापाशी नव्हता.

पुढे दिनेशशेठ नावाचा एक कॅसेटवाला आला. भिंतींना गाद्या टांगलेल्या त्याच्या खोलीत आमचे ध्वनिमुद्रण झाले. मी त्या दिवशी उत्तम वाजले, हे माझे मीच सांगते, कारण दुसऱ्या कोणी सांगितले नाही. आईचे गाणे संपत आले आणि शेठने हात वर केला.

"ज्योत्स्नाताई, कॅसेटची बाजू संपतेय. एक कडवं काढावं लागेल."

"कोणतं?"

"शेवटचं. गोष्ट तर तुमची आधीच संपते."

यादवने ढोलकी मांडीवरून खाली ठेवली. "शेठ, त्यात नाव हाय तिचं."

"अरे यादव, नाव छापणार ना आपण कव्हरवर. गायलेलं नाव वाऱ्यावर जातं, छापलेलं राहतं. काय ताई, शिक्षिका तुम्ही, तुम्हीच सांगा ह्याला."

तिथेच ती फसली. ज्या घरात छापलेले अक्षर विटांच्या ओझ्यावर विकत घेतले गेले, त्या घरातल्या मुलीला छापील अक्षराहून मोठे काही वाटत नसे. "काढा," ती म्हणाली. परतीच्या एसटीत यादव ढोलकी घेऊन दुसऱ्या बाकावर बसला.

कॅसेट आली. कव्हरवर छापले होते: विविध कलाकार. ज्योत्स्ना विचारायला गेली, तेव्हा शेठ म्हणाला, "पुढच्या छपाईत बघू, ताई." पुढची छपाई झाली नाही. एका कॅसेटवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, अशा नकला मात्र गावोगाव झाल्या. गाणे जीपगाड्यांत वाजले, मांडवांत वाजले, बँडवाल्यांनी उचलले. घोटीला एका लग्नात भागीबाई जेवत असताना ते कर्ण्यावर लागले. तिने ताट बाजूला सारले आणि वाट पाहत बसली. गाणे संपले, दुसरे सुरू झाले.

"ज्योत्स्ना, तुझं नाव कुठं हाय गं?"

"आत आहे, आई. कव्हरवर," ज्योत्स्ना खोटे बोलली.

"कव्हर कोण ऐकतं?"

देवळ्याकडे बहिरू नावाचा एक गायक होता. गळा चांगला. त्याला हे गाणे असे बिननावाचे मिळाले, आणि ज्या गाण्याला नाव नाही ते गाणाऱ्याचे, असे तो समजला. त्याने आपल्या नावाचे कडवे जोडले आणि स्वतःची कॅसेट काढली. मी त्याला चोर म्हणत नाही, मित्रांनो. म्हणावेसे फार वाटते.

येवल्याच्या भीमजयंतीच्या कार्यक्रमात ज्योत्स्नाने ते गाणे अखेरपर्यंत गायले, आपल्या कडव्यासह. टाळ्या आल्या नाहीत. मागून एक जण म्हणाला, "ओ बाई, बहिरूदादाचं गाणं हाय ते. तुमचं नाव कुठून घुसलं?" लोक हसले. दुसरा म्हणाला, "नाव लावाया काय, उद्या म्या बी लावीन." पुन्हा हसू.

यादव उभा राहिला. "तिचंच हाय. म्या ढोलकीवर व्हतो."

"मग कॅसेटवर का नाय?"

यादवने ज्योत्स्नाकडे पाहिले. ती माझ्या पट्ट्यांकडे पाहत होती. कार्यक्रमाचा अध्यक्ष जवळ आला आणि आवाज न चढवता म्हणाला, "ताई, दुसऱ्याचं गाणं म्हणायला हरकत नाही. पण नाव बदलू नये. शोभत नाही आपल्याला."

हेही तिने सहन केले असते. पण एसटीची वाट पाहताना भागीबाईने विचारले, "खरं सांग पोरी, ते गाणं कोणाचं गं?"

ज्योत्स्नाने माझ्याभोवतीची दोरी पुन्हा आवळली.

"कोणाचं का असेना, आई. तुला आवडतं ना?"

"लय आवडतं."

"मग झालं."

घरी येऊन तिने माझ्या भात्याची खिटी लावली आणि मला कपाटावर ठेवले. पुढे तिने एक ओळही रचली नाही. यादव बॅन्जो पार्टीत गेला. कॅसेटी गेल्या, सीडी आल्या, मोबाइल आले, आणि त्या मोबाइलांतूनही आमचे गाणे वाजू लागले. कपाटावर मला ते ऐकू येई. उंदरांनी माझा भाता कुरतडला. हाकलायला कोणी आले नाही.

मग भागीबाई गेली. तिच्या पुण्यानुमोदनाला वसाहतीतली नवी गायन पार्टी आली. घरात पेटी आहे म्हणून मुलांनी मला खाली काढले. चैताली नावाच्या मुलीने भाता ओढला. माझ्यातून फक्त फुसकारा निघाला. त्यांनी मला भिंतीशी सारले आणि कीबोर्ड लावला. भागीबाईच्या फोटोपुढे बसून ती मुलगी गाऊ लागली: आईच्या डोईवर विटांचा भार.

शेवटी बहिरूचे नाव आले. यादव ताडकन उठू लागला. ज्योत्स्नाने त्याचा दंड धरला. "बस, दादा."

गाणे झाल्यावर चैताली तिच्यापाशी येऊन बसली. "मावशी, आईवरचं म्हणून हेच घेतलं. तुम्ही ऐकलेलं असेल."

"ऐकलंय. छान गायलीस. फक्त 'डोईवर' तेवढं लांबवू नकोस. डोक्यावर ओझं असलेल्या बाईला इतका दम नसतो."

"पण बहिरूदादांच्या सीडीत तसंच लांबवलंय, मावशी."

ज्योत्स्नाने फोटोवरचा हार सरळ केला. "मग तसंच गा," ती म्हणाली.

मित्रांनो, पेटीला उंदरांपासून जपा, ओलीपासून जपा, हे तुम्हाला शाळेतही सांगतील. मी तुम्हाला दुसरे सांगते, आणि विनवून नव्हे, बजावून सांगते. एखादे गाणे आवडले, तर ते कोणी रचले हे त्या माणसाच्या हयातीत विचारा. ज्योत्स्ना हयात आहे. त्याच वसाहतीत, त्याच घरात राहते. दार उघडेच असते. अजून कोणी विचारायला आलेले नाही.