स्वच्छ स्लाइड

आई गेल्यावर भेटायला आलेले बहुतेक जण तिच्या बोटांबद्दल बोलले. नोकरीत असेपर्यंत ती बोटं कायम काळी असायची. चांदीच्या द्रावणाचे डाग साबणाला दाद देत नाहीत. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत ती ऊतींमधले तंतू चांदीने रंगवायची. एरवी न दिसणारे, केसाहून बारीक धागे त्यामुळे काळेभोर उठून दिसतात.

निवृत्तीनंतर तिचं रक्त कमी होत गेलं, तेव्हा तिच्याच हाडातल्या अस्थिमज्जेचा तुकडा तिथे तपासायला गेला. अस्थिमज्जेत तंतूंचं जाळं माजलं असेल तर या वयात फारसा इलाज नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण स्लाइड इतकी काळी आली होती की त्यांना नक्की सांगता येईना.

आई मला घेऊन थेट प्रयोगशाळेत गेली. तिच्या जागी आता तिच्याच हाताखाली तयार झालेली सहकारी होती. आईने सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले.

“बाईसाहेब, चिमटा कुठला वापरलात?”

तिने ट्रेमधला चिमटा पुढे केला.

“स्टीलचा. द्रावणात धातू बुडवला की चांदी वाट्टेल तिथे जाऊन बसते. किती वेळा कानीकपाळी ओरडले असेन?”

“ताई, तुमचा तुकडा म्हटल्यावर तो पडेल अशीच भीती वाटली. प्लास्टिकचा निसटत होता.”

“म्हणून माझ्या हाडांना काजळ फासलंस होय?”

आम्ही तिघी हसलो. मी जरा जास्तच. स्लाइडवर घाण आहे, नुसती घाण, असं मी घरी पोचेपर्यंत मनात घोकत होते.

नवी स्लाइड तयार झाली तेव्हा आम्ही पुन्हा गेलो. या वेळी आई बराच वेळ वाकून होती. फोकसचा स्क्रू तिने हळूहळू इकडून तिकडे फिरवला.

“छान झालीये,” ती म्हणाली. “एक ठिपका नाही.”

सहकारिणीने खिडकीकडे तोंड फिरवलं.

“म्हणजे घाण गेली ना, आई?” मी विचारलं.

“गेली गं. बस इथे, बघ.”

काळ्या रेघांचं दाट जाळं या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरलं होतं. मधल्या पेशींना श्वास घ्यायला जागा नव्हती.

“हे सगळं माझं आहे,” आई माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली. मग खिडकीशी उभ्या सहकारिणीला, “डोळे पूस आधी. आणि ही स्लाइड शिकवायला ठेव. इतकी स्वच्छ नेहमी नाही येत.”