हौसाबाईंचा चांगुलपणा

हौसाबाईंचं तेरावं झालं आणि सरकारने त्यांचा चांगुलपणा परत मागितला. जन्मताना मिळालेला, मेल्यावर जमा करायचा, असा नियमच होता. त्यांच्या नवऱ्याने, भागोजीने, नोटीस दोनदा वाचली आणि घर झाडून ठेवलं.

सकाळी दहाला कचेरीतून सोनटक्के आले. बरोबर शिपाई आणि झाकणाची पितळी कळशी. पंच म्हणून शेजारच्या कमळाबाईंना बोलावलं. चहा नको म्हणत सोनटक्क्यांनी पंचनामा सुरू केला.

चांगुलपणा एका जागी नव्हता. थोडा कढीपत्त्यात निघाला. तो काढल्यावर झाडाचा वास गेला. थोडा नळावर होता, जिथे हौसाबाई आपला हंडा मागे सारून दुसरीला पाणी भरू द्यायच्या. बराचसा कमळाबाईंच्या गुडघ्यांत होता, वर्षानुवर्षं चोळलेल्या तेलाबरोबर मुरलेला. तो काढला तशा कमळाबाई मटकन खाली बसल्या आणि हौसा कोण म्हणून विचारू लागल्या. पंच म्हणून त्यांचा अंगठा घेतला आणि त्यांना घरी पोचवलं.

कळशी अर्धीच भरली होती. सोनटक्क्यांनी भागोजीच्या छातीला कान लावला.

"बाकीचा इथंच आहे. पण तुमचा स्वतःचा कुठाय?"

भागोजी म्हणाला, त्यातच मिसळला असेल. सोनटक्क्यांनी त्याच्या बरगडीखालून एक पुडी काढली. लाखेचं सील शाबूत होतं. दारात कुणी काही मागायला आलं की भागोजी आयुष्यभर म्हणायचा, हिला विचारा. ती देईल ते आपणच दिलं, असं धरून चालायचा.

"तिचा काढलात तर माझ्यात काय राहील?"

"ही पुडी. फोडायची की नाही ते तुमचं तुम्ही बघा. सरकार त्यात पडत नाही."

सोनटक्के माणूस वाईट नव्हते. हळू आवाजात त्यांनी वाट सांगितली. मयताच्या अंगी चांगुलपणा नव्हता, एवढं लिहून द्यायचं. मग सापडलेला सगळा भागोजीचाच ठरला असता. पुष्कळ जण लिहून देत.

भागोजीने पेन घेतलं. हौसाबाई भागोजी खरात यांच्या अंगी, इथवर लिहिलं. मग कागद परत दिला.

"होता तिच्यात," तो म्हणाला. "न्या."

काढायला दुपार झाली. भिंतीवरच्या हौसाबाईंच्या फोटोत शेवटी नुसती खुर्ची उरली. कळशी काठोकाठ भरली, आणि उरलेला सोनटक्क्यांच्या आणि शिपायाच्या हातांवरून ओघळून कोपरांपर्यंत गेला.  मग दोघं चपला काढून स्वयंपाकघरात गेले.

सोनटक्क्यांनी भाकरी थापली. शिपायाने तीन ताटं मांडली, थांबला, आणि चौथं मांडलं.

"बसा," सोनटक्के म्हणाले. "निवतंय."

चौथं ताट कुणाचं ते भागोजीला आठवेना. तरी तिथल्या रिकाम्या पाटाला पाय लागू नये म्हणून तो भिंतीला अंग घासत आत गेला.