हातानं तोडलेला पालक

सुताराच्या बायकोचा फोन आला तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. ती शहर बस चालवायची.

"अहो, पुढच्या पाळीचा ड्रायव्हर आलाच नाही. मला आणखी एक फेरी मारावी लागणार. भूक लागली तर बिस्किटं खा. गॅसच्या वाटेला जाऊ नका."

"बरं," सुतार म्हणाला, आणि फोन ठेवून थेट गॅसच्याच वाटेला गेला.

चार महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका येऊन त्याचा उजवा हात लुळा पडला होता. आता बोटं हलत होती, पण जोर नव्हता. हात वापरत राहा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बायको मात्र त्याला काडीही उचलू देत नव्हती. जन्मभर दारं-खिडक्या घडवलेला माणूस आयत्या ताटावर बसून विटला होता.

फ्रिजमध्ये पालकाची जुडी माना टाकून पडली होती. फळीवर पास्त्याचं पाकीट होतं. त्यानं थोरल्या बहिणीला फोन लावला.

"ताई, पास्ता कसा करतात गं?"

"तू करणार? आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं!" ताई हसली, पण कृती चोख सांगितली. पाणी खळखळलं की मीठ, मग पास्ता. दुसरीकडे तेलात लसूण आणि त्यावर पालक.

"पण मला चिरता कुठे येतंय?"

"हातानं तोड की," ताई म्हणाली. " पाल्याला कशाला हवी सुरी?"

त्यानं देठ उजव्या अंगठ्यानं ओट्यावर दाबून धरला आणि डाव्या हातानं पान ओढलं. देठ निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला. तिसऱ्यांदा पान सुटून आलं. अर्धी जुडी होईस्तोवर त्याला घाम फुटला, पण तो थांबला नाही. लसूण त्यानं वाटीच्या बुडानं ठेचला, कढईत तेलावर टाकला आणि त्यावर पालक घातला.

पास्ता शिजला आणि खरी पंचाईत झाली. उकळत्या पाण्याचं भरलेलं पातेलं एका हातानं ओतायचं कसं? त्यानं गॅस बंद केला आणि जरा विचार केला. जड फळी उचलवत नसेल तर उगाच कंबर मोडून घ्यायची नसते, हे तो आयुष्यभर हाताखालच्या पोरांना शिकवत आला होता. त्यानं झारा घेतला आणि थोडा थोडा पास्ता उपसून कढईतल्या पालकावर टाकला. सोबत थोडं पाणीही गेलं. त्या पाण्यामुळे उलट पालक पास्त्याला छान लपेटून बसला.

बायको दारातूनच ओरडली, "लसणाचा वास कसला? मी काय सांगितलं होतं तुम्हाला?" तिनं आधी त्याचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. कुठे भाजलं नव्हतं. मग ती खुर्चीत बसली.

पहिला घास खाऊन ती म्हणाली, "मीठ कमी आहे."

सुताराला हसू फुटलं. चार महिने त्यानं शर्टाचं एक बटण लावलं तरी ती लहान मुलासारखं कौतुक करायची.

"हसताय काय? आणि लसूण करपलाय. मीठ द्या इकडे."

त्यानं उजव्या हातानं मिठाची बरणी धरली. ती उचलवेना. तिचा हात चटकन पुढे आला, पण मध्येच थांबला. बरणी टेबलावरून सरकत सरकत तिच्यापर्यंत पोचली.

तिनं मीठ भुरभुरलं आणि खाली मान घालून सगळं ताट संपवलं. मग आणखी वाढून घेतलं.

"उद्याही मला उशीर आहे," ती म्हणाली. "येताना कुठली भाजी आणू?"