धुऊनही न जाणारा सुगंध

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावरच्या महाराजांनी पांढरा रुमाल झटकला आणि पुढच्या रांगा माना डोलावू लागल्या.

"साबण लावा, उकळा, उन्हात टाका! हा कृपेचा सुगंध जाणार नाही. आणि ज्याला येत नाही, त्याचं मन मळलेलं!"

साबणाच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ असलेली ताई दातओठ खात ऐकत होती. तिच्या धाकट्या बहिणीला तो सुगंध येत नव्हता. तेवढ्यावरून सासूने तिला मळक्या मनाची ठरवलं आणि तापाने फणफणलेली तान्ही लेक तिच्याकडून काढून घेतली. आताही बाळ सासूच्याच मांडीवर होतं, ताप उतरावा म्हणून छातीवर महाराजांचा रुमाल. "अहो, डॉक्टरकडे न्या," हे ताईने सासूबाईंना कितीदा तरी सांगून पाहिलं होतं.

शेवटी ती उठली आणि पिशवीतलं एक फडकं तिने सासूबाईंच्या हातात दिलं. "हुंगा."

"अगोबाई, हा तर महाराजांचाच सुगंध!"

"माझ्या स्वयंपाकघरातलं फडकं आहे. कृत्रिम कस्तुरीची पांढरी पूड स्पिरिटमध्ये विरघळवून लावली, मग साबणाने खसाखसा धुतलं. आमच्या साबणातही हीच असते. ती पाण्यात विरघळत नाही, धाग्याला चिकटते आणि अगदी सावकाश उडते. म्हणून वास टिकतो."

"मग हिला का येत नाही?" सासूबाईंनी शेजारी बसलेल्या सुनेकडे बोट दाखवलं.

"काहींना रंग ओळखता येत नाहीत, तसा काही नाकांना हा एवढाच वास कळत नाही. मनाचा काय संबंध?"

"बाहेर काढा हिला!" महाराज कडाडले.

तेवढ्यात बहिणीचा नवरा उभा राहिला. "आई, मलाही येत नाही. कधीच आला नाही. सगळे डोलले, म्हणून मीही डोललो."

बहिणीने त्याच्याकडे पाहिलं. "आणि मी रोज बोलणी खात होते, तेव्हा मूग गिळून बसलास?"

तिने सासूच्या मांडीवरून लेक उचलली आणि ताईबरोबर थेट दवाखाना गाठला. बाळाच्या छातीत कफ भरला होता. "आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं," डॉक्टर म्हणाले. बाळ वाचलं. पुढच्या सभेतही महाराजांचे रुमाल घेणाऱ्यांची रांग मात्र जराही तुटली नाही, आणि त्या रांगेत सासूबाईही होत्या. ताईने कपाळाला हात लावला.

सुगंध खुशाल घ्यावा, पण तापावर औषधच द्यावं. आणि आपल्याला वास येत नसेल, तर भर सभेत "नाही येत" म्हणावं. शेजारी आणखी कितीतरी जण नुसतेच डोलत असतात.